बानकबरनचं सुंबरान

ज्ञानबाच्या पायाला भिंगरी आहे, असं त्याची बायको म्हाळसाबाई म्हणायची आणि त्यात खोटं काही नव्हतं. माळशिरसकडच्या एका वाडीचा धनगर तो. बाप, आजा, पणजा सगळे मेंढरांमागं चालत जगले आणि चालता चालताच गेले. वीस सालच्या दुष्काळात याची दोनशे मेंढरं डोळ्यांदेखत माळावर आडवी झाली. उरलेल्या सात विकून गडी सोलापूरला आला आणि गिरणीत लागला. कशावर लागला? तर तेलवाला म्हणून. हातात तेलाची बुधली घ्यायची, मागांच्या रांगांतून दिवसभर फिरायचं, कुठं दांडा करकरतोय ते ऐकायचं आणि तिथं दोन थेंब सोडायचे. खात्यावरच्या मुकादमानं, जॉबरनं, त्याला पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. "ह्या गड्याला एका जागी हुबा केला तर भोंगा व्हायच्या आत खुळा हुईल," तो म्हणाला, "ह्याला फिरतं काम द्या."

गिरणीत तो तेलवाला असला, तरी धनगरांत त्याचा मान निराळा होता, कारण ज्ञानबा ओव्या गायचा. गावाबाहेर माळावर बिरोबाचं ठाणं होतं. सुट्टीच्या दिवशी गिरणीतले सगळे धनगर तिथं जमायचे आणि हा कानावर हात ठेवून सुंबरान मांडायचा. सुंबरान मांडायचं म्हणजे देवाला हाक मारून जुनी आठवण जागी करायची. मग थोडं गायचं, थोडं सांगायचं. त्याचे कायदे दोनच, पण कडक. कपाळाला भंडारा लावून गायला उभा राहिलास तर खोटं बोलायचं नाही. आणि देवापुढं मांडलेलं सुंबरान अर्ध्यावर टाकायचं नाही. आभाळ कोसळलं तरी शेवटाला न्यायचं. या दुसऱ्या कायद्यापायी ज्ञानबाची जी दैना झाली, ती आता ऐका.

त्याच्या खात्यावर मॅक्रे नावाचा गोरा साहेब होता. उंच, लालबुंद, मिशा तांब्याच्या तारेसारख्या. वीस वर्षं सोलापुरात काढलेली, त्यामुळं मराठी बोलायचा, पण खडकावरून गाडी चालल्यासारखी. एकोणतीस सालच्या जूनमध्ये एके दुपारी मुख्य पट्टा तुटला आणि खातं बंद पडलं. माणसं बाहेर झाडाखाली जाऊन बसली. ज्ञानबा बसतोय कसला! तो बंद मागांमधून येरझाऱ्या घालत राहिला. साहेबही तसाच फिरत होता. दोघं एकमेकांना दोनदा आडवे गेले, तिसऱ्यांदा साहेब थांबला आणि म्हणाला, "आज आमचा मोठा दिवस आहे."

आणि मग त्या साहेबाच्या अंगात काय संचारलं कोण जाणे! तो चक्क फरशीवर उकिडवा बसला. ज्ञानबाच्याच बुधलीतलं तेल सांडून त्यानं ओढा केला. हा बानकबरनचा ओढा. सुताच्या रिकाम्या कांड्या मांडून त्यानं फौजा उभ्या केल्या. पलीकडं इंग्रजांचा राजा, अंगाला लोखंड चढवलेले स्वार, हत्तीएवढी घोडी. अलीकडं साहेबाच्या मुलखाची, स्कॉटलंडची माणसं. थोडी, पायी, हातात लांब भाले. वाटेवर त्यांनी गुडघाभर खड्डे खणून वर काटक्या आणि गवत पसरलं होतं.

"लांडग्यासाठी आमीबी असंच करतो की!" ज्ञानबा न राहवून म्हणाला.

"मग तुला कळेल," साहेब म्हणाला आणि त्यानं घोड्यांच्या कांड्या धडाधड आडव्या केल्या.

पण ज्ञानबाचा जीव अडकला तो पुढच्या गोष्टीत. टेकडीमागं स्कॉटांचे आचारी, गुराखी, मेंढके, ओझी वाहणारे बसवून ठेवले होते. तुम्ही लढाईतले नव्हं, मुकाट बसा, असं त्यांना सांगितलेलं. खालून आरोळ्या ऐकू येत होत्या आणि त्यांना बसवेना. अखेर त्यांनी काय केलं? अंगावरच्या चादरी-कांबळी काठ्यांना बांधली, निशाणं केली आणि ओरडत टेकडी उतरले. इंग्रजांना वाटलं, दुसरी फौज आली! जे पळाले ते पळालेच. राजा पळाला, सरदार ओढ्यात बुडाले. सांगताना साहेबाचे डोळे भरले, मूठ वळली. आत्ताच रणातून आल्यागत तो धापा टाकत होता.

आता इथं ज्ञानबाची चूक झाली, आणि ती धनगराशिवाय कुणाची झाली नसती. त्यानं साल विचारलं नाही. ओवीत साल विचारायची रीतच नाही. बिरोबानं राक्षस कधी मारला, असं कोण विचारतो? मारला तो मारला, आणि गाताना तो आज मारला. शिवाय साहेबाच्या डोळ्यांत पाणी त्यानं स्वतः पाहिलं होतं. त्यानं मनाशी गाठ मारली : हा साहेब इंग्रजाचा वैरी आहे. पोटासाठी त्यांच्यात राहतो, आतून आपला आहे. पुढच्या मे महिन्यात सोलापुरात लष्करी कायदा लागला, गांधी टोपी घातली तरी पाठ सोलून निघायची, झेंडा धरला तर वर्षानुवर्षं तुरुंग, आणि चौकात खाकी घालून बंदूक घेतलेला मॅक्रे साहेब ज्ञानबानं पाहिला. तरी त्यानं गाठ सोडली नाही. "काय करतोय बिचारा," तो म्हाळसाबाईला म्हणाला, "त्याच्या मानेवर सुरी हाय." म्हाळसाबाईनं कपाळावर हात मारला.

वर्षभर चालता चालता त्यानं ओवी जुळवली आणि तीस सालच्या दिवाळी पाडव्याला, धनगरांच्या रीतीप्रमाणं मेंढरं पळवण्याचा खेळ झाल्यावर, बिरोबापुढं मांडली. टळटळीत दुपार. माणूस म्हणाल तर तीनशेच्या वर. धनगर तर होतेच, मागावरचे पद्मसाळी विणकर होते, गिरणीच्या फाटकाशी भाकरी विकणारी सुंदरम्मासुद्धा येऊन बसली होती. ज्ञानबानं भंडारा लावला आणि कानावर हात ठेवला.

"घोडं आलं लोखंडाचं, टापंखाली माती रडं,
गवताआड खड्डं भुकेलं, आधी मोठा सरदार पडं!"

लोक डोलायला लागले. बानकबरन कुठं आहे, हे कुणाला ठाऊक नव्हतं आणि कुणी विचारलंही नाही. ज्ञानबाच्या गाण्यात ते सांगोल्याच्या पलीकडं कुठंतरी होतं. ओढ्यात चिखल झाला, भाल्यांचं रिंगण फिरलं, आणि टेकडीमागच्या मेंढक्यांनी घोंगडी काठ्यांना बांधून वर केली. "घोंगडीचं निशाण उठलं!" असं त्यानं गायलं मात्र, मागून शिट्टी वाजली.

तात्याबा जमादार आला होता, दोन शिपाई घेऊन. वयस्क माणूस, पोटावर पट्टा मावेना, आणि त्या वर्षभरात भेदरलेला. वरून रोज हुकूम, खालून रोज शिव्या. "बंद कर! कुणाचं निशाण?"

"घोंगडीचं, जमादार."

"घोंगडीचं असू दे न्हाय तर लंगोटीचं, निशाण ते निशाण! आन् इंग्रजाच्या राजाला पळवतोस? गावात चार माणसं फासावर जायच्या वाटंवर हायत, तुला पाचवा व्हायचंय व्हय रं?" त्यानं नाव लिहून घेतलं, बोट नाचवलं. "परत हे तोंडातनं निघालं तर थेट आत."

शिपायांनी काठ्या आपटल्या, माणसं पांगली. ज्ञानबाचा हात कानावरच राहिला होता.

त्या दिवसापासून त्याची झोप गेली, भूक गेली. पहिल्या आठवड्यात वाटलं, जमादाराच्या धाकानं असेल. पण धाक वेगळा आणि हे वेगळं. शिवप्पा पुजारी, ठाण्याची पूजाअर्चा पाहणारा अक्कलकोटकडचा म्हातारा, वाटेत भेटला आणि त्यानं वर्मावर बोट ठेवलं. "ज्ञानबा, तू त्या माणसांस्नी टेकडीवर घोंगडी धरून हुबं केलंस आन् घरी गेलास. हात अवघडलं असतील की त्यांचं! देवबी ताटकळलाय. सुंबरान अर्धं टाकलं तर काय हुतंय, ठावं हाय न्हवं?"

ठाऊक नसायला काय झालं! त्याच्या चुलत्यानं अर्धं टाकलं होतं आणि चुलत्याची वाचा गेली होती. लोक म्हणायचे, अंगावरून वारं गेल्यानं. धनगर म्हणायचे, देवानं.

तेव्हापासून डोळा मिटला की ती माणसं दिसायची. हात वर करून उभी, खाली घोडी खिंकाळतायत, आणि कुणी पळत नाही, कुणी जिंकत नाही. गिरणीत तो एकाच मागाला तीनदा तेल घाली आणि दुसरा कोरडा ठेवी. जेवताना उठे, दारापर्यंत जाई, परत येई. लोकांनी तर उच्छाद मांडला होता. मागावरचे विचारत, "पुढं काय झालं रं?" फाटकाशी सुंदरम्मा भाकरी हातात देण्याआधी विचारी, "पळाले की न्हाय ते?" एकदा तर जॉबर कानाशी येऊन कुजबुजला, "मला एकट्याला सांग, कुणाला बोलत न्हाय." ज्ञानबा चिडून म्हणाला, "देवापुढं मांडलंय, तुझ्या कानात कसं संपवू?"

म्हाळसाबाई मात्र धुमसत होती. "गा, गा! नोकरी घालव, तुरुंगात जा. मी दोन लेकरं घिऊन परत माळाला लागते. हाय काय तितं आता? कुसळं!" आणि मग पदरात तोंड घालून रडली. ज्ञानबाला तिचं खरं वाटत होतं आणि शिवप्पाचंही खरं वाटत होतं. इकडे आड, तिकडे विहीर. अशा वेळी त्याला एकच माणूस आठवला : मॅक्रे साहेब. साहेबानं पोलिसाला एक शब्द टाकला, की ही आमच्या मुलखाची गोष्ट आहे आणि मीच सांगितली, तर जमादाराची काय बिशाद! आणि का टाकणार नाही? वैरी तो इंग्रजाचा!

दुपारच्या सुट्टीत तो साहेबाच्या खोलीत गेला आणि सगळं सांगितलं. ऐकता ऐकता साहेबाचा लाल चेहरा पांढरा पडला. त्यानं उठून आधी दार लावलं.

"तुला गायला कुणी सांगितलं होतं?"

"तुमीच न्हवं का गोष्ट सांगितली, साहेब? रडला की तुमी!"

"अरे, त्या लढाईला सहाशे सोळा वर्षं झाली!"

सहाशे सोळा! ज्ञानबाच्या हिशेबी साहेबाच्या काखेत अजून त्या रणाचा घाम होता. "मग तुमचं राज्य कुटं हाय आता?"

साहेब चिडला. मग खुर्चीत बसला. मग चिडणंही गेलं आणि तो जुन्या दुखण्याबद्दल बोलावं तसं बोलायला लागला. राज्य राहिलं तीनशे वर्षं. पुढं इंग्रजांच्या राणीला मूल नव्हतं, तेव्हा स्कॉटांचाच राजा त्यांच्या गादीवर जाऊन बसला. आणखी शंभर वर्षांनी बड्या सरदारांनी कागदावर सह्या केल्या आणि दोन्ही राज्यं एक झाली. लढाई नाही, काही नाही. आणि नंतर जमीनदारांना मेंढरांचे मोठाले कळप पाळायचे होते, लोकरीला भाव होता. डोंगरातली माणसं अडचण झाली. साहेबाच्या आज्याचं घर होतं, पट्टीभर रान, एक गाय. कारभारी माणसं घेऊन आला आणि घराला आग लावली. आजा चालत शहरात आला, गिरणीला लागला. बाप गिरणीत, आणि लेक सोलापूरच्या गिरणीत.

"मेंढरांसाठी माणसं हाकलली?" ज्ञानबाला हे काही केल्या गळी उतरेना. मेंढरं गेली म्हणून तो गिरणीत आला होता. आणि या माणसाचा आजा मेंढरं आली म्हणून! "आन् तरीबी तुमी त्यांचीच बंदूक धरलीसा?"

साहेबाचा आवाज एकदम बदलला. "हे बघ. मी कुणाला काही सांगितलेलं नाही. विचारलं तर मी म्हणेन, हा माणूस खोटं बोलतो. आणि पुन्हा गायलास तर तुझी जागा गेली. दुसरा तेलवाला मला उद्या मिळतो. जा."

ज्ञानबा बाहेर आला तो मागांमधून तरातरा चालत सुटला. भीतीनं नाही, संतापानं. वर्षभर बायकोशी भांडून ज्या माणसाची बाजू घेतली, तो असला निघावा! आणि त्याहून वाईट म्हणजे ओवीचा शेवट आता त्याला ठाऊक झाला होता. काल गाता आलं असतं तर घोंगड्या उतरवून, राजाला पळवून, भंडारा उधळून तो मोकळा झाला असता. आता पुढचं पोटात आहे आणि कपाळाला भंडारा आहे. लपवावं कसं?

चंपाषष्ठीनंतरच्या रविवारी, ऊन डोक्यावर असताना, तो निघाला. म्हाळसाबाई दारात आडवी उभी होती. त्याचं तोंड बघून ती बाजूला झाली आणि म्हणाली, "महिनाभर तुमी घरात न्हाईसा. नुसतं हिंडतंय ते दुसरंच कुणीतरी. जावा, संपवा एकदाचं." आणि लेकरं घेऊन मागोमाग आली.

बातमी आधीच फुटली होती, ठाण्यावर पाडव्याच्या दुप्पट माणूस. जमादारही होता, बाभळीखाली वही घेऊन, पाच शिपायांसह. ज्ञानबानं त्याला पाहिलं, भंडारा लावला आणि जिथं तोडलं होतं तिथूनच धरलं. घोंगडीचं निशाण टेकडी उतरलं. आचारी आले, गुराखी आले, मेंढके आले. इंग्रजाचं काळीज फाटलं, घोडी ओढ्यात उलथली, राजा शेपूट घालून पळाला. काय तो जल्लोष! भंडाऱ्यानं आभाळ पिवळं झालं. शिवप्पा नाचला. शिपाई पुढं सरकले, तसा जमादारानं हात वर केला. एवढ्या माणसांत शिरायची त्याची छाती होईना. "संपू दे," तो पुटपुटला, "मग धरू."

आणि संपलंच होतं. ज्ञानबानं तिथं हात खाली घेतला असता तर कुणी काही म्हणालं नसतं. पण पुढं बसलेली बनाबाई, ऐंशीच्या घरातली म्हातारी, ओवी ऐकण्यात हयात गेलेली. ती रीतीप्रमाणं म्हणाली, "मग? राज्य करत्यात न्हवं अजून सुखानं?"

हो म्हटलं की ज्ञानबा सुटला. एवढी माणसं हसत घरी जातील. पण हो म्हणणं खोटं, आणि ते खोटं भंडाऱ्याखाली. त्यानं परत कानावर हात ठेवला.

"भाल्यानं जे राखलं गं, लेखणीनं दिलं,
मेंढरांच्या पायी माणूस देशोधडी गेलं!"

आणि सगळं सांगितलं. सह्या केल्या ते सांगितलं, घरं पेटवली ते सांगितलं. ज्यांनी घोंगड्या उचलल्या त्यांचीच नातवंडं परमुलखात गिरण्यांवर राखण करतात, त्याच राजाची बंदूक धरतात, तेही सांगितलं. गाताना त्याला रडू फुटलं आणि ते त्यानं दाबलं नाही. कुणीतरी मागून ओरडलं, "हे कशाला सांगितलंस रं? चांगलं जितलं हुतं की!"

जमादार मात्र खूश. त्यानं वही मिटली. "म्हंजी शेवटी इंग्रजाचंच राज्य आलं न्हवं? मग झालं तर! लिहितो मी, शेवट सरकारच्या बाजूचा हाय. चला रं." ज्ञानबाला त्याच्या त्या सुटकेच्या हसण्याचा असा राग आला की वाटलं, यानं धरून नेलं असतं तर बरं झालं असतं. बनाबाई डोळे पुसत उठली, त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "खरं गायलास बाबा. कुणी सही मागाया आलं तर आता आमी इचार तरी करू."

सोमवारी भोंग्याबरोबर साहेबाचं बोलावणं आलं. टेबलावर त्याला कामावरून काढल्याचा कागद तयार होता.

"गायलास?"

"गायलो."

"सगळं?"

"व्हय. तुमच्या आज्याचं घर जाळलं तेबी. एक म्हातारी रडली त्येच्यासाठी."

साहेब खिडकीकडं तोंड करून उभा राहिला. मागांची धडधड काचेतून आत येत होती. मग खुर्चीत बसला, लेखणी उचलली आणि खालच्या आवाजात विचारलं, "माझं नाव घेतलंस का?"

"न्हाय साहेब," ज्ञानबा म्हणाला, "ओवीत लढलेल्यांचीच नावं येत्यात."

साहेबानं मान वर केली नाही. त्यानं कागद पुढं ओढला आणि सही केली.